कुंडीतला वड आणि वऱ्हाडचं ऊन

वऱ्हाडात बागेचा विषय काढला की दोन शब्द हटकून ऐकू येतात. एक ऊन आणि दुसरा पाणी. अमरावती काय किंवा अकोला काय, होळी सरली की अंगणातल्या कुंड्या एकेक करून माना टाकू लागतात. नळाचं पाणी भरून ठेवण्याच्या धांदलीत झाडांचा नंबर शेवटी लागतो. त्यातून आता अंगणंही आक्रसली. जुन्या वाड्यांच्या जागी फ्लॅट उभे राहिले आणि प्लॉटवरच्या घरांनी मोकळी जागा गाडीला देऊन टाकली. तरीही हिरव्याची हौस काही सुटत नाही. तुळस असतेच, जोडीला मोगरा, कोरफड, गवती चहाचं एखादं बेटही असतं. मोठ्या झाडाची सावली मात्र माहेरच्या वावरात राहिली, ती राहिलीच.

अशा घरांतून अलीकडे एक छंद रुजतो आहे. तो म्हणजे कुंडीत, हातभर उंचीचा, पण खराखुरा वड किंवा पिंपळ वाढवण्याचा. याला बोन्साय म्हणतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण चार मैत्रिणींत हा विषय निघाला की तीन शंका पुढे येतात. "आमच्याकडच्या उन्हात ते जगेल का?" ही पहिली. "झाडाला असं खुरटवून ठेवणं म्हणजे पाप नाही का?" ही दुसरी. आणि तिसरी, जी मोठ्यानं बोलली जात नाही, पण असते खरी: "आधीच हजार कामं, त्यात हे आणखी एक कशाला?"

तिन्ही शंका रास्त आहेत. दुसरीपासूनच सुरुवात करू, कारण मन निःशंक झाल्याशिवाय कात्री हातात धरवत नाही.

बोन्साय म्हणजे उपाशी झाड नव्हे

'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणं. तबकात लावलेलं झाड, इतकाच या जपानी शब्दाचा अर्थ. कला मुळातली चीनची. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी तिथं थाळीत छोटी झाडं आणि डोंगर मांडण्याची हौस होती. पुढं ती जपानात गेली आणि जपान्यांनी तिचं शास्त्र केलं. आपल्याकडे तिला 'वामनवृक्ष' असं छान नाव आहे. वामन लहान होता, पण दुबळा नव्हता. बळीराजाला विचारा!

पुष्कळांना वाटतं, की झाडाला खायला-प्यायला कमी दिलं म्हणजे ते लहान राहतं. घरातली एखादी जुनीजाणती बाई म्हणूनही जाते, "काहून वं बाई, या झाडाले जेवू घालत नाही का तू?" पण प्रकार नेमका उलटा आहे. उपाशी झाडाची पानं पिवळी पडतात, फांद्या आतून वाळत जातात आणि एक दिवस ते मरतं. कुंडीतल्या थोड्याशा मातीत झाड तजेलदार ठेवायचं, तर त्याला वेळच्या वेळी खत, पाणी आणि ऊन द्यावंच लागतं. ते लहान राहतं ते छाटणीमुळं.

यातलं मर्म आपल्या सगळ्यांना तुळशीमुळं ठाऊक आहे. मंजिऱ्या आणि शेंडे खुडत गेलं की तुळस उंच वाढायची थांबते आणि डेरेदार होते. झाडाच्या शेंड्यात एक वाढरस तयार होतो. तो खाली उतरतो आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा धाक जातो आणि खालचे डोळे जागे होतात. एका फांदीच्या जागी दोन, दोनाच्या जागी चार होतात. फांद्या वाढल्या की झाडाचा जोर वाटला जातो आणि पानंही लहान येऊ लागतात. जमिनीखाली मुळांचंही तसंच. जाड मुळं छाटली की बारीक तंतुमुळं फुटतात, आणि अन्नपाणी ओढून घेण्याचं खरं काम हीच तंतुमुळं करतात.

अशा झाडाचं आयुष्य किती असतं? अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाईन आहे. तो १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेला आहे. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यानं तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड तिथून साधारण तीन किलोमीटरवर होतं. बागेच्या उंच भिंतीच्या आडोशानं ते वाचलं. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. ज्यांनी बॉम्ब टाकला, त्यांनाच! आणि देताना त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. २००१ साली त्यांचे नातू झाड पाहायला गेले, तेव्हा कुठं ही हकीकत तिथल्या लोकांना कळली. चारशे वर्षं जे झाड जगतं, त्याचा कुणी छळ केला असेल असं कसं म्हणावं?

एक मात्र खरं. प्रदर्शनात किंवा रस्त्याच्या कडेला 'तयार बोन्साय' म्हणून जे विकतात, त्यांतल्या कित्येक झाडांची मुळं कोंबून बसवलेली असतात, वरून खडे डिंकानं चिकटवलेले असतात. माती दिसत नाही आणि पाणी आत जात नाही. असं झाड दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत संपतं, आणि मग "आमच्या हाताला झाड लागत नाही" असा समज होऊन बसतो. दोष हाताचा नसतो. वड-पिंपळ ही उघड्यावरची झाडं आहेत. त्यांना ऊन आणि वारा लागतोच. पाहुणे येणार असतील तर एखादा दिवस बैठकीत ठेवावं आणि लगेच परत बाहेर न्यावं. घरात बोन्साय ठेवलं तर घराची भरभराट खुंटते, असं काही जणी मानतात. झाडाची जागा गॅलरीत किंवा अंगणात आहे म्हटल्यावर सासूबाईंचंही समाधान आणि झाडाचंही!

आपल्या मातीतली झाडं निवडा

पुस्तकांतली जपानी चित्रं पाहून पाईन, मेपल किंवा जुनिपर घ्यावंसं वाटतं. तो मोह आवरा. ही थंड मुलखातली झाडं. त्यांना हिवाळ्यात गाढ विश्रांती लागते. जिथं २०२० च्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता, त्या अकोल्यात त्यांचा निभाव लागणार नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या झाडांची बोन्साय किती देखणी होतात, हे मुंबईच्या ज्योती आणि निकुंज पारेख या दांपत्यानं आपल्या पुस्तकातून दाखवलं आहे. पुण्याच्या प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं २०१८ साली पुण्यात 'बोन्साय नमस्ते' हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. थोडक्यात, हा छंद आता परका राहिलेला नाही. झाडंही परकी नकोत.

पहिल्यांदाच करणार असाल, तर नांदरुक घ्या. रोपवाटिकेत त्याला नुसतं 'फायकस' म्हणतात. पानं लहान आणि चकचकीत असतात. एखाद्या वेळी चुकीची फांदी कापली गेली, तरी ते रागावत नाही, पुन्हा फुटतं. जेडही सोपं. ते पानांत आणि खोडात पाणी साठवतं, म्हणून कमी पाण्यात भागतं. उलट त्याला पाणी जास्त झालं तर कुजतं. बोगनवेलीला तर आपलं ऊन मानवतंच. पाणी जरा हात राखून दिलं की ती फुलांनी भरून जाते. चिंचेला काहीच खर्च नाही. स्वयंपाकघरातले चार चिंचोके रात्रभर भिजवून पेरा. जाड खोड व्हायला वर्षं लागतील, पण संध्याकाळ झाली की तिची पानं मिटतात, ती गंमत मुलं पहिल्या वर्षापासून पाहतात.

वड, पिंपळ आणि उंबर यांची पानं मोठी. ती लहान होतात, पण नाण्याएवढी होत नाहीत. म्हणून या झाडांना थोडी मोठी कुंडी आणि दीड-दोन फुटांची उंची द्यावी. आणखी एक ध्यानात ठेवा. छाटणीनं पान लहान होतं, पण फूल आणि फळ होत नाही. वरुड-मोर्शीचं संत्रं हातभर झाडावर धरलंच, तर ते आपल्या नेहमीच्याच आकाराचं असणार. फांदी बिचारी वाकून जाईल!

आता रोप मिळवायचं कुठून? अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. गावात रोपवाटिकाही पुष्कळ आहेत. पण त्याआधी आपल्याच घराची भिंत पाहा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी कठड्याच्या फटीत, सांडपाण्याच्या पाइपाशी किंवा गच्चीच्या कोपऱ्यात रुजतं आणि पिंपळाचं रोप वर येतं. ते तसंच वाढू दिलं तर भिंत फोडतं. पण पिंपळ म्हणून उपटायला कुणाचा हात धजत नाही. वर्षानुवर्षं ते तिथंच राहतं आणि भेग रुंदावत जाते. अशा रोपाचा बुंधा फटीत अडकून छान जाड आणि वळणदार झालेला असतो. ज्याला जपानी कारागीर वर्षानुवर्षं मेहनत घेतात, ते आपल्या कठड्यानं फुकट करून ठेवलेलं असतं. पहिला चांगला पाऊस झाल्यावर फटीतलं प्लास्टर हलकेच मोकळं करा, निघतील तेवढी मुळं घेऊन रोप काढा आणि कुंडीत लावा. हवं तर आधी हळद-कुंकू वाहा. झाडही वाचतं, भिंतही वाचते आणि मनाला टोचणी लागत नाही.

मात्र हे आपल्या घरापुरतं. अकोल्याचा असदगड असो की अमरावतीचा जुना परकोट, तिथल्या भिंतींना हात लावायचा नाही. चिखलदऱ्याला फिरायला गेलं म्हणजे रस्त्याकडेचं एखादं मुरड पडलेलं झाड मनात भरतं. तेही तिथंच राहू द्या. मेळघाट हा १९७३-७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प आहे. तिथून काडी आणणंही गुन्हा ठरतो.

वटपौर्णिमेचा वड

ज्येष्ठी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात. जवळपास वड नसतो, वेळ नसतो, म्हणून आपण फांदी विकत आणतो, पुजतो आणि दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. ज्या झाडाच्या दीर्घायुष्याकडे पाहून हे व्रत करायचं, त्याच्याच फांद्या त्या दिवशी सगळ्यांत जास्त तुटतात. कुंडीत एक वड असला, तर हा प्रश्न मिटतो. सूत गुंडाळता येतं, प्रदक्षिणाही घालता येते. फक्त पूजा झाल्यावर संध्याकाळी सूत सोडवून घ्या, नाहीतर ते कोवळ्या सालीत रुततं. हळद-कुंकू आणि दूध मातीत फार जाऊ देऊ नका. शेजारच्या चौघी पूजेला आल्या, तर एकाच कुंडीनं चार फांद्या वाचवल्या म्हणायच्या.

काळी माती कपाशीला, कुंडीला नव्हे

आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी. पण कुंडीत ती घात करते. ओली झाली की फुगते, चिकटून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की तडकते, कुंडीच्या काठापासून सुटते आणि बारीक मुळं तोडते. मग वरून घातलेलं पाणी काठाच्या भेगेतून निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वरून ओली दिसणारी कुंडी आतून तहानलेली असते, ती अशी.

म्हणून मिश्रण घरीच करावं. विटांचा ज्वारीच्या दाण्याएवढा चुरा एक भाग, मुरमाड माती किंवा जाड रेती एक भाग आणि पुरतं कुजलेलं शेणखत एक भाग. मूठभर निंबोळी पेंड. चुरा आणि रेती चाळून त्यांतली पिठासारखी भुकटी टाकून द्या, कारण हीच भुकटी पुढं तळाशी चिखल करते. कुंडीच्या भोकावर फुटक्या कवेलूचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवा.

उथळ तबकाची घाई मात्र करू नका. खोड जाड होतं ते पानांनी केलेल्या अन्नावर. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं रोप दहा-बारा इंची साध्या मातीच्या कुंडीत मोकळं वाढू द्या. खालची एखादी फांदी मुद्दाम लांब सोडली, तर तिच्या खालचं खोड भरून येतं. काम झालं की ती फांदी कापून टाकायची.

कात्री कशी चालवावी

कपड्यांची कात्री यासाठी वापरू नये. तिचीही धार जाते आणि झाडाचंही नुकसान होतं. एक लहान, टोकदार कात्री झाडांसाठी वेगळी ठेवा आणि वापरण्यापूर्वी स्पिरिटनं पुसा. छाटणी तीन प्रकारची असते.

पहिली खुडणी. नव्या धुमाऱ्याला सहा-सात पानं आली की खालची दोन-तीन ठेवून वरचा भाग कापा. कुठल्या पानाच्या वर कापता, याला महत्त्व आहे. ज्या बाजूला ते शेवटचं पान, त्याच बाजूला नवा फुटवा जातो. फांदी बाहेर न्यायची असेल, तर बाहेर तोंड केलेल्या पानाच्या वर कापावं. एवढं एक सूत्र कळलं, तरी निम्मं बोन्साय कळलं.

दुसरी आकाराची छाटणी. झाड डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि चारी बाजूंनी फिरवून पाहा. त्याची दर्शनी बाजू कोणती ते ठरवा. एकमेकींना छेद देणाऱ्या, सरळ खाली लोंबणाऱ्या, खोडाच्या अगदी समोरासमोर फुटलेल्या फांद्यांपैकी एक काढा. खालच्या फांद्या लांब आणि जाड, वर जाताना आखूड. आपल्या गावच्या पारावरचा वड डोळ्यांसमोर आणा, त्याहून चांगला नमुना कुठल्या पुस्तकात मिळणार? एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त हिरवं काढू नका. वड-पिंपळाचा चीक ओघळतो. तो ओल्या फडक्यानं टिपून घ्या आणि हात डोळ्यांना लावू नका. मोठ्या जखमेवर हळदीचा लेप लावायची पद्धत आहे.

तिसरी मुळांची छाटणी. हिला सगळ्या जणी घाबरतात. वड-नांदरुकासारख्या तरुण झाडांना दर दोन वर्षांनी ती लागते. कुंडीच्या भोकातून मुळं डोकावू लागली, पाणी वरच साचून राहू लागलं, की वेळ झाली असं समजावं. मुळांचा गोळा काढून लाकडी काडीनं कडेकडेनं विंचरा, साधारण तिसरा हिस्सा कापा. कापायची ती जाड मुळं, तंतुमुळं जपायची. वरचीही थोडी पानं कमी करा, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडत नाही. मग दोन-तीन आठवडे सावली, आणि महिनाभर खत नाही.

वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार मिळते. फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तार घ्या आणि तिरकी, समान अंतरानं गुंडाळा. पावसाळ्यात फांद्या झपाट्यानं जाड होतात, म्हणून दर पंधरवड्याला तार तपासा. रुतायला लागलेली दिसली की तुकडे करून काढा. उलगडायला गेलात, तर फांदी मोडेल.

पाणी गोडं हवं

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांचा खारपाण पट्टा वऱ्हाडातल्या बायकांना सांगायला नको. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं, बोअरचं पाणी खारं लागतं, डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. मोठ्या झाडाची मुळं खोल जातात, पावसाचं पाणीही क्षार धुऊन नेतं. कुंडीत मात्र क्षार साठतच जातात. कुंडीच्या काठावर पांढरी खरपूड दिसली, पानांची टोकं तपकिरी होऊन करपली, की रोग समजून औषध मारू नका. तो पाण्याचा दोष असतो.

पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली एक टाकी लावून ठेवा. कुंड्या अधूनमधून पावसातच ठेवा आणि त्यांतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. दोन पाणी मात्र झाडांना कधीही घालू नका. एक कुलरच्या टाकीत उरलेलं. कुलरमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, त्यामुळे ते दिवसेंदिवस खारट होत जातं. दुसरं आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते फरशी पुसायला ठीक आहे. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी, मिठाशिवायचं, चालतं.

पाणी रोज किती घालायचं, हे घड्याळावर ठरत नसतं. बोट पेरभर मातीत घाला. ओल लागली तर थांबा, नाही लागली तर तळातून निथळेपर्यंत घाला. माती फारच सुकली असेल, तर कुंडी घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवा आणि बुडबुडे थांबले की काढा.

मे महिना: खरी परीक्षा

वऱ्हाडातली बोन्साय मरतात ती बहुतेक एप्रिल-मे मध्ये, आणि पुष्कळदा एकाच दुपारी. दोष नुसत्या उन्हाचा नसतो. उथळ कुंडी चारी बाजूंनी तापते आणि आतली मुळं शिजतात. गच्चीचा स्लॅब तर रात्री दहापर्यंत आग ओकत असतो. म्हणून होळी झाली की झाडं गच्चीवरून खाली आणा आणि पूर्वेच्या बाजूला ठेवा. सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली राहील. वर हिरवी जाळी बांधा. उथळ कुंडी एखाद्या मोठ्या घमेल्यात ओल्या रेतीत काठापर्यंत पुरून ठेवा. बाजूनं ओलं पोतं लावा. माठाच्या शेजारची जागा उत्तम, तिथं हवेत आपोआप गारवा असतो. कुलरचा झोत मात्र झाडावर येऊ देऊ नका. पाणी सकाळी सहा-सातला आणि सूर्य मावळल्यावर. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी नको. या दोन महिन्यांत छाटणी, खत, कुंडी बदलणं काहीही नको. झाड फक्त जगवायचं.

हवा कोरडी असली की पानांच्या मागं लाल कोळी होतो. त्यासाठी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारा. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. जुन्या दातांच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा आणि आठवड्यानं निंबोळी अर्क फवारा.

आणि सुट्टीत माहेरी जायचं असेल तर? जुन्या सुती साडीची जाडसर वात वळा. तिचं एक टोक भरलेल्या बादलीत आणि दुसरं कुंडीच्या मातीत दोन इंच खोल खोचा. बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा. चार-पाच दिवस निभावून जातात. त्याहून अधिक दिवसांसाठी शेजारणीचा हातच हवा. येताना तिच्यासाठी माहेरच्या सांडग्या-कुरड्यांची पिशवी आणायला विसरू नका!

वर्षभराचं वेळापत्रक

मृग-आर्द्रा: नवी लागवड, मुळांची छाटणी, कुंडी बदलणं. सशक्त वड-पिंपळाची सगळी पानं देठ ठेवून कापली, तर नवी पानं लहान येतात. हे वर्षातून एकदाच करावं, आणि ज्याची मुळं छाटली आहेत त्याला त्या वर्षी करू नये.

श्रावण-भाद्रपद: पंधरा दिवसांनी खुडणी. सरकीची ढेप आठवडाभर पाण्यात भिजवून, दसपट पाणी घालून फिक्या चहासारखी करावी आणि महिन्यातून एकदा द्यावी. दमट हवेत वडाला पारंब्या सुटतात. सरबताच्या नळीत ओला काथ्या भरून ती उभी चिरावी आणि पारंबी त्यातून मातीपर्यंत उतरवावी.

आश्विन-कार्तिक: ऑक्टोबरचं ऊन चुकवावं. हलकी छाटणी, खताचा शेवटचा हप्ता.

मार्गशीर्ष-पौष: थंडीत वाढ मंदावते. पाणी कमी, ऊन भरपूर, कात्री बंद.

माघ-फाल्गुन: पालवी फुटते. हलकी खुडणी, थोडं खत. होळीनंतर सावलीची तयारी.

चैत्र-वैशाख: नुसतं जपणं.

आणखी एक काम?

आता ती तिसरी, मनातली शंका. नोकरी करणाऱ्या असोत की घर सांभाळणाऱ्या, बाईच्या दिवसात मोकळा वेळ नसतो, तो काढावा लागतो. आणि छंद म्हणून सुरू केलेली गोष्ट बघता बघता कामांच्या यादीत जाऊन बसते, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींचा आहे! म्हणून एक पथ्य पाळा. पहिल्या वर्षी तीनच झाडं. रोपवाटिकेत कितीही मोह झाला, तरी चौथं नाही. तीन झाडांना रोज दहा मिनिटं पुरतात, खुडणीच्या दिवशी अर्धा तास.

दुसरं पथ्य, पाणी घालण्याचं काम घरात वाटून द्या. बोट मातीत घालून पाहायला पदवी लागत नाही. ते यजमानांना येतं आणि पाचवीतल्या मुलालाही येतं. कात्री मात्र आपल्या हातात ठेवा. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची, हा निर्णय आपला एकटीचा. घरात असे निर्णय थोडेच असतात, जिथं चार जणांची मतं घ्यावी लागत नाहीत. या छंदाचा खरा विसावा आहे तो इथं. झाडाला घाई नसते. आज कापलेल्या जागी काय फुटतं ते पंधरा दिवसांनी कळतं, वळण कसं साधलं ते वर्षानं. तोवर रोज नुसतं पाहायचं.

आमच्याकडे पुष्कळ घरांतून मुलं शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला जातात. घर एकदम शांत होतं आणि वर्षानुवर्षं धावणारे हात रिकामे होतात. त्या दिवसांत हा छंद फार सोबत करतो. पण तोवर थांबायलाच हवं असं नाही. तिशीत लावलेला वड साठीत खरा वड दिसू लागतो.

छाटणीच्या फांद्या फेकू मात्र नका. श्रावणात वडाची, उंबराची बोटाएवढी जाड फांदी ओल्या मातीत खोचली, तर पुष्कळदा मूळ धरते. ती कुंडीत अडकवू नका. शाळेच्या मैदानात, देवळाच्या आवारात किंवा कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर, विचारून, खड्डा करून लावा. आपल्याकडच्या उन्हाला मोठी झाडंही हवीतच. घरातला वड हातभरच राहील, बाहेरचा आभाळाला लागेल, आणि दोन्ही एकाच बुंध्याचे!

तेव्हा येत्या मृगाच्या आधी एवढंच करा. विटांचा चुरा चाळून ठेवा, एक जुनी कुंडी धुऊन ठेवा आणि एकदा गच्चीवर जाऊन कठड्याच्या फटी नीट पाहून या. आपलं पहिलं झाड कदाचित तिथं आधीच उगवलेलं असेल.